शुश्रूषेतून आठ दिवसांची रजा



या स्तंभातून मी आपणांस अनेकदा सांगितले आहे की, घरातील वृद्ध वा आजारी व्यक्तीची शुश्रूषा करणाऱ्याने स्वतःच्या विश्रांतीकडे दुर्लक्ष करू नये. वाक्य सोपे आहे. लिहिणाऱ्याला तर फारच सोपे. पण दवाखान्यात माझ्यासमोर बसलेली एखादी सून, मुलगा किंवा सत्तरीची पत्नी जेव्हा विचारते, "डॉक्टर, विश्रांती घेऊ; पण तोवर यांच्याकडे पाहायचे कोणी?" तेव्हा माझ्यापाशी ठाम उत्तर नसे. त्याचे एक कारण असे की, हा प्रश्न मी माझ्या स्वतःच्या घरातही सोडवलेला नव्हता.

माझी आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. हृदय अशक्त झाल्याने तिच्या पायांवर सूज येते, गुडघे झिजलेले आहेत, आणि गेली सहा वर्षे ती माझ्याकडे आहे. दिवसा एक मदतनीस मावशी असतात, रात्र माझी. रात्री तीन वेळा, क्वचित चार वेळा, तिला लघवीसाठी उठावे लागे. प्रत्येक वेळी हाक येई, मी उठे, तिला धरून नेई, आणि परत येऊन छताकडे पाहत पडे. सकाळी नऊला दवाखाना असेच.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री मी तिच्यावर ओरडले. काय बोलले ते येथे लिहिण्याजोगे नाही. ती काहीच बोलली नाही. सकाळी चहा घेताना मात्र म्हणाली, "तुला माझा फार त्रास होतो ना ग?" एवढेच. त्या दिवशी मी स्वतःचा रक्तदाब मोजला. तो वाढलेला होता, आणि तो मी शेवटचा केव्हा मोजला होता हे मला आठवेना. दिवसातून तीसेक जणांचे रक्तदाब मोजणाऱ्या बाईची ही कथा.

हा केवळ भावनेचा विषय नाही. १९९९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६६ ते ९६ वयाच्या पती-पत्नींकडे चार वर्षे लक्ष ठेवण्यात आले होते. जोडीदाराची शुश्रूषा करताना ज्यांना मानसिक वा शारीरिक ताण जाणवत होता, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण अशी जबाबदारी नसलेल्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी अधिक आढळले. शुश्रूषा करूनही ज्यांना ताण जाणवत नव्हता, त्यांच्यात मात्र अशी वाढ दिसली नाही. म्हणजे जीवावर बेतते ते सेवेमुळे नव्हे. विसावा नसलेल्या सेवेमुळे. हा अभ्यास मी वर्षानुवर्षे इतरांना सांगत आले होते.

क्रीटच का, आणि हॉस्टेलच का?

माझे थोरले बंधू बँकेतून निवृत्त झाले आहेत. मी त्यांना झाले ते सारे सांगितले. ते म्हणाले, "ऑक्टोबरात आम्ही दोघे येऊन राहतो. तू कुठेतरी जा. आणि लांब जा. जवळ गेलीस तर तिसऱ्या दिवशी परत येशील."

क्रीट हे ग्रीसचे सर्वांत मोठे बेट. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला ते नाव परिचित असते, कारण १९५८ साली अँसेल कीज यांनी सुरू केलेल्या सात देशांच्या सुप्रसिद्ध अभ्यासात हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण क्रीटच्या पुरुषांत सर्वांत कमी आढळले होते. ऑलिव्हचे तेल, डाळी, पालेभाज्या, कष्टाची शेती असे ते जीवन. विद्यार्थिदशेपासून ते बेट मनात होते. पैशाचा हिशेब पाहता हॉटेल परवडण्यासारखे नव्हते. म्हणून लेकीने बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरील प्लाकियास या छोट्या गावी हॉस्टेलातील एक खाट राखून ठेवली. हॉस्टेल म्हणजे आपल्या धर्मशाळेचेच आधुनिक रूप समजा. खोली नव्हे, खाट भाड्याने मिळते; स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि अंगण सामायिक. मी खालची खाट आवर्जून मागून घेतली. पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकाने ती मागावी. रात्री अंधारात शिडी उतरणे हे आपल्या गुडघ्यांचे आणि तोल सांभाळण्याचे वय नव्हे.

मुंबईहून अथेन्स, तेथील पिरेअस बंदरातून रात्रीच्या बोटीने हेराक्लिऑन, तेथून बसने रेथिम्नो आणि पुन्हा दुसऱ्या बसने, डोंगरातील घळीतून, प्लाकियास. पोहोचले तेव्हा दुपार होती. समोर लिबियन समुद्र, मागे उघडे डोंगर, अंगणात ऑलिव्हची झाडे. मी खाटेवर पडले ती संध्याकाळपर्यंत उठलेच नाही.

रात्री साडेअकराला मात्र खडबडून जाग आली. कोणी हाक मारली नव्हती. घड्याळ पाहिले आणि उमगले. ऑक्टोबरच्या आरंभी ग्रीसचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असते. घरी रात्रीचे दोन वाजले होते. आईच्या हाकेची वेळ. तीन हजारांहून अधिक मैल दूर येऊनही माझे कान तिच्या खोलीच्या दाराशीच होते. त्या रात्री मी पुष्कळ रडले, आणि पहाटे परत जाण्याच्या विमानांचे दरही पाहिले. हे मी मोकळेपणाने लिहिते, कारण आपणही कधी अशी रजा घेतलीत तर पहिले दोन दिवस असेच जातील. त्यावरून रजा घेण्यात चूक झाली असा निष्कर्ष काढू नये. अनेक वर्षे ताणलेली दोरी सोडली की ती काही काळ थरथरतेच.

दुपारचा विसावा

तिसऱ्या दिवसापासून दिवसाला आकार आला. सकाळी किनाऱ्याने चालणे, मग समुद्रात गुडघाभर पाण्यात उभे राहणे; ऑक्टोबरातही तेथील पाणी सोसवेल इतके उबदार असते. दुपारी 'डाकोस' म्हणजे जवाच्या कडक पावावर किसलेला टोमॅटो, मऊ चीज आणि ऑलिव्ह तेल. किंवा 'होर्टा' म्हणजे उकडलेली रानभाजी, वर तेल आणि लिंबू. आपल्या तांदुळजाच्या भाजीची फोडणी काढून घेतली तर जे उरेल तेच. दात कमजोर असलेल्यांनी तो पाव भिजवल्याशिवाय खाऊ नये, हे जाता जाता सांगते.

मग दुपारची झोप. ग्रीसमध्ये दुपारची शांतता हा नियम आहे. उन्हाळ्यात तीनपासून, हिवाळी वेळापत्रकात साडेतीनपासून, साडेपाचपर्यंत गोंगाट करायचा नाही. पुण्यातील दुपारच्या झोपेवर विनोद करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका ग्रीक अभ्यासात २३ हजारांहून अधिक लोकांची सहा वर्षांहून अधिक काळ नोंद ठेवली गेली. आठवड्यातून किमान तीनदा, किमान अर्धा तास दुपारी झोपणाऱ्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू ३७ टक्क्यांनी कमी आढळले. अशा निरीक्षणावरून झोपेमुळेच जीव वाचले असे सिद्ध होत नाही, आणि दोन-दोन तास झोपून रात्रीची झोप घालवण्याचे ते समर्थनही नाही. पण शुश्रूषा करणाऱ्याची रात्र तुटलेली असेल, तर दुपारी अर्धा तास दार लावून पडणे हा आळस नव्हे, तो उपचाराचा भाग आहे, एवढे मी निःशंकपणे सांगेन.

हॉस्टेलात बहुतेक मुले विशीतली होती. पण माझ्या समोरच्या खाटेवर हॉलंडमधील एक निवृत्त शिक्षिका होत्या, वय बाहत्तर. त्यांच्या पतींना कंपवात आहे. दरवर्षी त्या एक आठवडा एकट्या बाहेर पडतात आणि तेवढे दिवस पती एका शुश्रूषागृहात राहतात. मी विचारले, "त्यांना राग येत नाही?" त्या म्हणाल्या, "पहिल्या वर्षी आला. मला तर तीन दिवस रडू आवरेना. आता ते तिथे पत्ते खेळणारा मित्र भेटेल म्हणून वाट पाहतात. माझ्यावाचून त्यांना मित्र मिळू शकतो, हे मला ठाऊकच नव्हते."

त्यांच्यासोबत एकदा बोटीने प्रेवेलीला गेले. डोंगराच्या घळीतून नदी येते आणि समुद्राला मिळण्यापूर्वी तिच्या दोन्ही काठांवर ताडामाडांसारखी खजुराची झाडे उभी आहेत. २०१० च्या वणव्यात हे वन होरपळून निघाले होते. कित्येक खोडे आजही काळी आहेत. शेंड्याला मात्र हिरवी झावळी. वरच्या रस्त्याने आल्यास शेकडो पायऱ्या उतराव्या लागतात. गुडघेदुखी असलेल्यांना चढण्यापेक्षा उतरणे अधिक बाधते, म्हणून आम्ही बोटच पत्करली.

चौथ्या दिवसाचा फोन

घरी फोन करण्याची वेळ मी एकच ठेवली होती. आपल्याकडचे संध्याकाळचे सहा. चौथ्या दिवशी दादांनी खुशाली सांगितली आणि मग विचारले, "एक विचारू का? ही लघवीची गोळी संध्याकाळी सहाला का देतेस? ती घेतली की आई रात्रभर उठते. सकाळी दिली तर चालणार नाही का?"

मी उत्तर देऊ शकले नाही.

वाचकहो, लघवी वाढवून अंगातील सूज उतरवणारी ही गोळी घेतल्यावर तिचा परिणाम साधारणतः सहा तास टिकतो. म्हणून ती सकाळी द्यावी, दुसरी मात्रा लागलीच तर दुपारी लवकर द्यावी, हे मी रुग्णांना रोज सांगते. दोन वर्षांपूर्वी सकाळच्या मावशी काम सोडून गेल्या होत्या. मी दवाखान्यात असताना आईला वारंवार कोणी न्यावे, म्हणून तात्पुरती ती गोळी संध्याकाळी केली. तीन महिन्यांनी नव्या मावशी आल्या. गोळी मात्र संध्याकाळीच राहिली. पुढे दोन वर्षे मी रात्री उठत राहिले, आई अंधारात धडपडत राहिली, आणि ज्या जागरणासाठी मी तिच्यावर ओरडले ते जागरण माझ्याच हाताने दिलेले होते. त्या धडपडीत तिचे मांडीचे हाड मोडले असते तर? दिवसभरात मी अनेकांना रात्रीच्या पडण्याविषयी सावध करते.

दादांना औषधशास्त्र येत नाही. पण त्यांची झोप पूर्ण झालेली होती आणि डोळे नवे होते. थकलेला माणूस रोजचे काम चोख करतो. ते काम तसे का करायचे, हा प्रश्न विचारण्याचे त्राण त्याच्यात उरत नाही. मी माझ्या विश्रांतीसाठी गेले होते. तिचा पहिला लाभ आईला झाला. आईच्या हृदयाची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांशी फोनवर बोलून दुसऱ्या दिवसापासून गोळी सकाळी सुरू केली. आता ती रात्री बहुधा एकदा उठते. तिचे हृदय काही सुधारलेले नाही. सूज येते, मीही थकते. पण घरात रात्र परत आली आहे.

घरी पोहोचल्यावर मी तिला सारे सांगितले आणि क्षमा मागितली. ती म्हणाली, "बरे झाले, निदान दादाला तरी कळले मी रात्री किती उठते ते." आणि मग, "तिकडे खायला काय होते?"

आपणांस रजा घ्यायची असेल तर

ग्रीसला जाण्याचा आग्रह मुळीच नाही. कोकणातील एखाद्या घरगुती निवासात आठ दिवस, बहिणीकडे चार दिवस, किंवा आठवड्यातील एक संपूर्ण दुपारही चालेल. तयारी मात्र सारखीच लागते.

एक वही करावी. तीत प्रत्येक औषधाचे नाव, मात्रा, वेळ आणि ते कशासाठी आहे हे लिहावे. ही "कशासाठी" ची ओळ फार मोलाची. ती लिहितानाच माझ्यासारखी एखादी जुनी चूक सापडते. त्याखाली नेहमीचा रक्तदाब व साखर, खाण्याच्या आवडी-निवडी, कोणत्या लक्षणांवर डॉक्टरांना फोन करायचा व कोणत्या लक्षणांवर थेट रुग्णालयात न्यायचे, हे लिहावे. जे मागे राहणार आहेत त्यांनी दोन दिवस आपल्या देखत सारे करून पाहावे. आपण तेव्हा मध्ये बोलू नये. आजारी व्यक्तीला आधी सांगावे, परतण्याचा दिवस दिनदर्शिकेवर खूण करून दाखवावा. फोनची वेळ एकच ठेवावी. घरी येऊन राहणारे कोणी नसेल, तर अनेक शहरांतील वृद्धसेवा केंद्रे अल्प मुदतीसाठी व्यक्तीला ठेवून घेतात. तेथे आधी स्वतः जाऊन, रात्री कोण असते हे विचारून, मगच ठरवावे.

औषधांच्या वेळांत काही खटकले तर डॉक्टरांना जरूर विचारावे. परस्पर बदल मात्र करू नये. काही गोळ्या सकाळी, काही रात्री देण्यामागे कारणे असतात.

आणि ज्येष्ठ वाचकांपैकी कोणाला खरोखरच एकट्याने परदेशी जावेसे वाटत असेल, तर वय आड येत नाही. अस्थिर प्रकृती आड येते. चालताना छातीत दुखणे, नुकताच आलेला हृदयविकाराचा झटका वा पक्षाघात, ताब्यात नसलेली साखर, वारंवार तोल जाणे, यांपैकी काही असल्यास आधी उपचार, मग प्रवास. औषधे नेहमीपेक्षा आठवडाभराची अधिक घ्यावीत आणि हातातील पिशवीतच ठेवावीत. सोबत मूळ औषधनामांसह इंग्रजीतील चिठ्ठी असावी. कोडीन असलेल्या खोकल्याच्या वा वेदनाशामक औषधांवर ग्रीसमध्ये नियंत्रण आहे, ती चिठ्ठीविना नेऊ नयेत. इन्सुलिन घेणाऱ्यांनी बदललेल्या घड्याळाचे वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. विमानात दर तास-दोन तासांनी उठून चालावे, पाणी पीत राहावे. बोट लागू नये म्हणून घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांनी वृद्धांना गुंगी येते व लघवी अडू शकते, त्या विचारूनच घ्याव्यात. तिकडील व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच. त्यात आपले जुने आजार समाविष्ट आहेत का, हे मात्र वाचून पाहावे. संकटकाळी ११२ हा क्रमांक साऱ्या युरोपीय संघात चालतो. सामायिक निवासात उशाशी विजेरी ठेवावी आणि न्हाणीघराची वाट दिवसा एकदा चालून पाहावी.

अखेरीस एकच विनंती. आपल्या घरात जी व्यक्ती रात्री उठते, तिला आज विचारा, "तू शेवटची सलग कधी झोपलीस?" उत्तर आठवत नसेल, तर रजेची तारीख त्याच बैठकीत ठरवा. आणि आपणच ती व्यक्ती असाल, तर कोणी विचारण्याची वाट पाहू नका. मी सहा वर्षे पाहिली.

पुढील अंकी भेटूच. तोवर प्रकृतीस जपावे. इतरांच्या तशीच स्वतःच्याही.